पहिलं नको

त्या साली नवव्या महिन्याचा वारा आलाच नाही. फुंगवो म्हणजे वाऱ्याची घळ, आमच्या गावाचं नावच ते, आणि तिथंच वारा नाही म्हटल्यावर बोलायचं काय? एरवी डोंगरावरनं कोरडा वारा सुटला की सोललेले पर्सिमन, टोमॅटोएवढी नारिंगी फळं ती, बघता बघता आकसतात, अंगावर साखर धरतात. त्या साली नुसतं ढगाळ आणि दमट. बांबूच्या परड्यांत मांडलेली फळं चिकट व्हायची आणि देठापाशी हिरवी बुरशी यायची. सकाळी परड्या बाहेर काढायच्या, आभाळ भरलं की आत न्यायच्या, धुरी द्यायची, ऊन दिसलं की परत बाहेर. उचलून उचलून माझ्या खांद्यांचा पार भुगा झाला.

फळं सुकवायचं अंगण आमचं नव्हे, चान तेशुन मालकांचं. आम्ही तिथं कामाला. आम्ही म्हणजे मी छ्युमोई आणि माझा धाकटा भाऊ चिन्फा. तो धुरीची भट्टी सांभाळायचा, मी बायकांत बसून फळं दाबायचे. निम्मं सुकलेलं फळ अंगठ्यानं कडेकडेनं दाबत जायचं, आतला गर मऊ होईपर्यंत, पण फाटू द्यायचं नाही. फळाच्या चिकानं बोटं काळी पडतात, ती नव्या वर्षापर्यंत काळीच. कितीही घासा. पोरी लग्नाच्या आधी हे काम टाळतात. माझ्या लग्नाचा विषय कधी निघालाच नाही, त्यामुळे माझी बोटं सुखानं काळी झाली.

चिन्फाची लेक यूतुंग. तिची आई ती अंगावर पीत होती तेव्हाच गेली, म्हणून पोर माझ्या अंथरुणात वाढली. पाचवीत होती. डोळ्यांनी अधू. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड, आणि नुसतं कमी दिसतं एवढंच नाही, तिला उजेड बोचायचा. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याच्या आतला पडदा विरलेल्या कापडासारखा झालाय, आहे तेवढा जपा. उन्हात ती माझी शेताची टोपी घालून चालायची, भिंतीच्या सावलीसावलीनं. पुस्तक वाचायचं तर नाक पानाला लावून. संध्याकाळी नाकाच्या शेंड्याला छापील शाई लागलेली असायची. मी ती बाहीनं पुसायचे.

त्या साली शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या. वेन बाई, राजधानीच्या, ताइपेइच्या. तरुण, चटपटीत, स्कूटरवरनं यायच्या आणि रस्त्यात दिसेल त्याला मान लववायच्या. त्यांनी येताच सांगितलं की सरकार प्रत्येक पोराला एकेक पाटी देणार आहे, आता पुस्तकं पाटीतच. पाट्या दोन जातींच्या होत्या. एक उजेडाची, टॅबलेट म्हणतात ती. रंगीत, चित्रं हलतात, बोलते, गाते. दुसरी राखी, नुसती वाचायची. वर्तमानपत्रासारखी फिकी, आतून उजेड नाही, चित्र हलत नाही, पण अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं. दोन्हींचे थोडे नमुने आले होते. पोरांनी आळीपाळीनं घरी न्यायचे, वापरून बघायचे आणि मग गावानं सभेत ठरवायचं, कुठली घ्यायची.

उजेडाची पाटी यूतुंगनं आणली त्या दिवशी ती जेवली नाही. डोकं धरून भिंतीकडे तोंड करून पडली. नंतर राखी पाटी आणली. शाळेतनं थेट अंगणात आली, माझ्या शेजारी छपराच्या सावलीत पाय पसरून बसली, पाटी मांडीवर ठेवली आणि वाचायला लागली. पाटी मांडीवर होती बरं का, नाकाला लावलेली नव्हती. मी फळ दाबायचं विसरले.

"आत्या, अक्षर शेंगदाण्याएवढं झालं," ती म्हणाली.

"आणखी मोठं होतं?"

"होतं की. हे बघ, आता बोराएवढं. पण शेंगदाणा पुरे मला."

तिनं सगळ्या बायकांना एका खेकड्याची गोष्ट वाचून दाखवली. अडखळत नव्हती. पान उलटायला बोट लावायची आणि स्वतःशीच हसायची. चिन्फा भट्टीच्या दारात उभा राहून ऐकत होता. डोळ्यांतनं पाणी गळत होतं.

"धूर," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं त्याला.

तेवढ्यात चान मालक चहाची किटली घेऊन आले. मनानं वाईट माणूस नव्हे, पण त्या साली माल कुजत होता, त्यामुळे तोंड कडू झालेलं. शाळेच्या पालकसभेचे ते अध्यक्ष, त्यांचा नातू यूतुंगच्याच वर्गात.

"चिन्फा, चहा घे."

"नको मालक."

"अरे घे."

"नको, आत्ताच झाला."

"घे म्हणतो ना."

मग चिन्फानं दोन्ही हातांनी पेला घेतला. आमच्याकडे हे असंच. पहिलं नको चपलेबरोबर दाराबाहेर ठेवायचं, दुसरं उंबऱ्यावर, आणि तिसऱ्यांदा म्हटलं तरच ते खरं. पहिल्याच बोलावण्याला जो हात पुढे करतो त्याला गाव हावरट म्हणतं, आणि एकदाच विचारून जो किटली उचलून जातो त्याला कंजूष. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पोर बोलायला लागतं तेव्हाच नको म्हणायला शिकतं.

मालकांनी यूतुंगच्या मांडीकडे बघितलं. "ही पाटी? मेलेल्या माशाचा रंग आहे हिला. शाळेचे फोटो निघणार, पेपरात येणार, आणि आमची पोरं ही मढी घेऊन बसणार?"

"तिला ही बरी पडते, मालक," चिन्फा पेल्यात बघत म्हणाला.

"मग सभेत सांग की. मी काय खातोय का तुला?"

"सांगीन," चिन्फा म्हणाला.

घरी मी त्याला बजावलं. ही पाटी मिळाली तर पोर गावात शिकेल. नाही मिळाली तर डॉक्टर म्हणतात तशी ताइचुंग शहरातल्या, कमी दिसणाऱ्या पोरांच्या शाळेत घालावी लागेल. वसतिगृहात. आपल्याशिवाय. तो मान हलवत होता. यूतुंग मुळ्याचं ऑम्लेट तोंडाशी नेऊन हुंगत होती, तिला वासावरनं करपलेला भाग कळतो.

सभा संध्याकाळी होती. पावसाची झिमझिम. अंगणातली माणसं हातपाय धुऊन, बरे कपडे घालून शाळेच्या दालनात बसली. काळे हात मांड्यांखाली. पुढच्या खुर्चीवर चान मालक, त्यांच्या मागे बाप्ये, मग आम्ही बायका. वेन बाईंनी दोन्ही पाट्या दाखवल्या, हे चांगलं, ते चांगलं सांगितलं आणि हात वर करायला लावले. उजेडाच्या पाटीला जवळपास सगळे हात वर. त्यात नवल नव्हतं. गाणारी पाटी सोडून मुकी पाटी कोण घेतो?

पण बाई शहाण्या होत्या. त्या म्हणाल्या, "एखाद्या मुलाला या पाटीची अडचण असेल तर त्याच्यापुरती राखी पाटी मागवता येते. मात्र आत्ताच सांगा, मागणी आजच जायची आहे." आणि त्यांनी सरळ चिन्फाकडे बघितलं. "यूतुंगचे बाबा, तुमच्या मुलीसाठी राखी पाटी मागवू का?"

सगळ्या माना वळल्या. चिन्फा उठला. टोपी दोन्ही हातांत धरली. मागायचीसुद्धा वेळ आली नाही, बाईंनी आपणहून ताटात वाढलं होतं.

"नको, नको," चिन्फा हसत म्हणाला. "एकटीसाठी कशाला एवढा त्रास. असू द्या."

त्याचं ते हसू मी लहानपणापासून ओळखते. फार हवं असलं की तो असा हसतो. दालनात सगळ्यांनाच ते कळलं. चान मालकांनीसुद्धा बाईंकडे तोंड वळवलं, आता त्या पुन्हा विचारणार म्हणून. कुणीतरी खोकलं. पत्र्यावर पावसाचा आवाज.

"बरं, धन्यवाद," वेन बाई म्हणाल्या, आणि पुढच्या विषयाला लागल्या.

चिन्फा तसाच उभा. तोंड किंचित उघडं, दुसऱ्या नकोसाठी. मग हळूच खाली बसला. कुणी त्याच्याकडे बघेना. बाई नंतर पोरांच्या जेवणाबद्दल बोलल्या, मग गळणाऱ्या छपराबद्दल, मग सगळे उठले.

वाटेत तो म्हणाला, "ताई, बाई विसरल्या वाटतं."

"गर्दीत नसतील विचारत. उद्या विचारतील."

"हो. उद्या विचारतील."

दुसऱ्या दिवसापासून स्कूटरचा आवाज आला की तो भट्टी सोडून रस्त्याला जायचा. तोंड काजळीनं भरलेलं, त्यावर ते हसू. बाई मान लववून निघून जायच्या. तोही मान लववायचा आणि स्कूटर वळणाआड जाईपर्यंत उभा राहायचा. असे बरेच दिवस गेले. एकदा तर बाई थांबल्या. त्यांनी विचारलं, "यंदा वारा नाही म्हणे?" तो म्हणाला, "नाही ना." त्या गेल्या. त्या दिवशी त्यानं भट्टीत लाकूड जास्त घातलं आणि परडीभर फळं काळी केली. मालक सगळ्यांसमोर बोलले त्याला.

शेवटी मीच गेले. परड्यांतली निवडक फळं केळीच्या पानात बांधली आणि शाळेत बाईंच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, "बाई, ती राखी पाटी यूतुंगला पाहिजे."

त्या गोंधळल्या. "मावशी, मी विचारलं होतं सभेत. तुमच्या भावानंच नको म्हटलं."

"ते पहिलं नको होतं, बाई."

"पहिलं म्हणजे?"

आता हे कसं सांगायचं? घास कसा चावायचा हे कुणी सांगतं का? मी आपलं चपला, उंबरा, तिसऱ्यांदा म्हटलं तर खरं, असं सगळं सांगत गेले आणि स्वतःच्याच कानाला वेडगळ वाटत गेलं. बाईंचा चेहरा आधी हसरा होता, मग उतरला. त्यांनी खुर्ची मागे सारली.

"म्हणजे सगळे वाट बघत होते?"

"सगळे."

"आणि एकानंही सांगितलं नाही मला?"

दुसऱ्याच्या नकोमध्ये तिसऱ्यानं तोंड घालायचं नसतं, तीही आमची रीतच. बाईंनी माझ्यासमोर फोन लावले, एकीकडे, मग दुसरीकडे. आवाज चढला, मग विनवणीवर आला. मागणी मंजूर झाली होती, नमुन्यांच्या पाट्या परत गेल्या होत्या, पुढचा विचार पुढच्या वर्षी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचा राग करावा म्हटलं तर तोही येईना.

निघताना मी फळांचं पुडकं पुढे केलं. त्या म्हणाल्या, "नको मावशी, शाळेत भेट घेता येत नाही." मी म्हटलं, घ्या हो. "नको." अहो घ्या. "खरंच नको." त्यांची तिन्ही नको खरी होती. मी पुडकं घेऊन परत आले.

उजेडाच्या पाट्या आल्या त्या दिवशी शाळेला पताका लावल्या. फोटो निघाले. चान मालक हसत मध्ये उभे. यूतुंग फोटोत टोपी घालून, मान खाली.

तिनं खूप केलं हो. पाटीचा उजेड कमी करून बघितला, वर काळा कागद लावून बघितला, एक डोळा झाकून बघितलं. डोळ्यांतनं पाणी, मग डोकेदुखी, मग उलटी. बाई स्वतः तिच्या शेजारी बसून धडे वाचून दाखवायच्या, पण शाळा सगळी त्यांच्याच अंगावर, किती बसणार? मालकांचा नातू तिला म्हणाला, "ए घुबडा, दिवसा दिसत नाही का तुला?" मग सगळेच घुबड म्हणायला लागले. घरी येऊन तिनं मला विचारलं, घुबड रात्री वाचतं का. मी म्हटलं, वाचत असेल.

मग ती शाळा चुकवायला लागली. अंगणात येऊन माझ्याजवळ बसायची. हाताला काम पाहिजे म्हणून एक फळ उचलून दाबायची. डोळ्यांची गरजच नाही त्या कामाला. अंगठ्याला सगळं कळतं. बायका म्हणायला लागल्या, छ्युमोई, पोरीचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे गं. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एके दिवशी जेवताना चिन्फानं तिच्या हाताकडे बघितलं. वाटी धरलेली बोटं नखांपर्यंत काळी. त्यानं आपली वाटी खाली ठेवली, तिचा हात उलटा केला, सुलटा केला, आपल्या हाताशेजारी धरला.

"नाही," तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो भट्टीवर न जाता वेन बाईंकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतः मागितलं. ताइचुंगच्या शाळेत जागा मागितली. बाईंनी एकदा विचारलं, नक्की ना? मग त्याच्या तोंडाकडे बघून परत विचारलं, नक्की? मग आणखी एकदा. बिचाऱ्या बाई शिकल्या होत्या. तो तिन्ही वेळा हो म्हणाला.

जायच्या आधीचे दिवस मी पोरीला एकच धडा दिला. तिकडे शहरातली माणसं. तिथं कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही. पहिल्याच वेळी हो म्हणायचं.

"भात वाढू?"

"नको."

"चूक. परत. भात वाढू?"

"...हो." आणि लाजून मान खाली. "आत्या, लोक हावरट म्हणतील."

"म्हणू देत. उपाशी निजलीस तर कोण येणार आहे विचारायला?"

चिन्फाही खेळात शिरला. "पांघरूण पाहिजे?" "हो." "औषध घालू डोळ्यांत?" "हो." "बाबानं गाणं म्हणायचं?" "नको," ती म्हणाली, आणि हे नको इतकं खरं होतं की आम्ही तिघंही हसलो. जिभेला वळण लागलं तिच्या. दुधाला हो, फळाला हो, सगळ्याला पटकन हो. मी म्हटलं, आता काळजी नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी वारा सुटला. हंगाम संपला, परड्या धुऊन भिंतीला लावल्या, आणि आता हा आला. कोरडा, खणखणीत, नवव्या महिन्याचा वारा अकराव्या महिन्यात. यूतुंगची टोपी उडाली, ती मी शेतातनं पळत जाऊन आणली. अंगणातनं जाताना चान मालक बाहेर आले. हातात सुकल्या फळांची पिशवी. यंदा जी थोडी धड निघाली त्यातली.

"घे पोरी."

"हो," यूतुंग म्हणाली आणि हात पुढे केला.

मालक दचकले. मग खाली बघायला लागले. "चिन्फा, मला वाटलं होतं रे, बाई परत विचारतील."

"सगळ्यांनाच वाटलं, मालक," चिन्फा म्हणाला.

ताइचुंगची शाळा चांगली होती, उगाच नाव कशाला ठेवू. पडदे लावलेले, भिंती मऊ रंगाच्या. वर्गात प्रत्येक बाकावर राखी पाटी. यूतुंगनं एक हातात घेतली, अक्षर शेंगदाण्याएवढं केलं आणि चिन्फाला दाखवलं. तिथल्या बाई वयस्क, कापडी बूट घातलेल्या, प्रेमळ. त्यांनी पलंग दाखवला, कपाट दाखवलं.

"भूक लागलीय का?"

"हो," यूतुंग म्हणाली. तिला लगेच वाफेवरचा गरम पाव मिळाला. मी चिन्फाला कोपरानं ढोसलं. बघ, म्हटलं, कशी शिकली.

आम्ही पोरीचं संध्याकाळचं जेवण होईपर्यंत थांबणार होतो. चिन्फानं बसमध्ये तसं ठरवलं होतं, शेवटच्या गाडीनं परतायचं. ती पहिल्या रात्री काय खाते ते त्याला बघायचं होतं. यूतुंगलाही ते सांगितलं होतं. पण बोलता बोलता त्या बाईंनी आम्हाला फाटकाबाहेर आणून सोडलं, मग आत उभ्या पोरीपाशी जाऊन वाकल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "यूतुंग, आता बाबा आणि आत्या निघाले तर चालेल ना?"

तिनं आमच्याकडे बघितलं. तेवढ्या अंतरावरनं तिला आम्ही दिसत नाही, दोन डाग दिसतात फक्त. हातातला पाव तिनं घट्ट धरला होता, बोटं अजून काळी. ओठ हलले. मला कळलं, आतमध्ये ती कुठला शब्द शोधतेय ते.

"हो," ती म्हणाली.

"शहाणी गं," बाई म्हणाल्या आणि तिचा हात धरून आत निघाल्या. परत काही त्यांनी विचारलं नाही. कशाला विचारतील?

चिन्फा फाटकाशी उभा होता, तोंड किंचित उघडं, सभेत होतं तसंच. वाऱ्यानं फाटक आपोआप लागलं. मी म्हटलं, चल. तो नको म्हणाला. मी परत म्हटलं, चल. तो नको म्हणाला. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही, त्याच्या शेजारी उभी राहिले.